रिकामें आसन

वैनगंगेच्या उजव्या तीरावर भंडारा जिल्ह्यांतील पवनी हें गांव वसलेलें आहे. नागपूरहून आग्नेयेकडे सुमारें ८० किलोमीटर गेलें म्हणजे जुन्या तटबंदीचे अवशेष, नदीचे दगडी घाट आणि देवळांचीं शिखरें दृष्टीस पडूं लागतात. देवळांच्या संख्येमुळें या गांवाला विदर्भाची काशी असें म्हणण्याचा प्रघात आहे. यात्रेकरू येतात, स्नान करतात, देवदर्शन घेतात आणि आल्या वाटेनें परततात. जवळच असलेल्या जगन्नाथ टेकडीकडे त्यांच्यापैकीं फार थोड्यांचे पाय वळतात. या टेकडीच्या मातीखालीं कित्येक शतकें एक दगडी खांब पडून होता. त्या खांबावर एक चित्र कोरलेलें आहे. पांच फण्यांचा एक नाग एका आसनाचें रक्षण करीत आहे. आणि त्या आसनावर कोणीही बसलेलें नाहीं.

रिकाम्या आसनाचें रक्षण करण्याचें प्रयोजन काय? पाऊस कोणावर पडूं नये म्हणून नागानें एवढे श्रम घ्यावेत? भारतीय कलेच्या इतिहासांत या प्रश्नावर शंभर वर्षें वाद चालला आहे, आणि तो अद्याप मिटलेला नाहीं. वरवर पाहतां हा वाद मूर्तिशास्त्राचा आहे. परंतु त्याच्या मुळाशीं एक अधिक व्यापक प्रश्न दडलेला आहे. चित्रांत जी जागा मोकळी सोडलेली असते, ती केवळ न भरलेली जागा समजावयाची, कीं चित्राचाच एक अवयव मानावयाचा? आजच्या अमूर्त चित्रासमोर उभा राहिलेला प्रेक्षक हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारतो. येथें तर कांहींच नाहीं, मग पाहावयाचें काय, असें तो म्हणतो आणि पुढील चित्राकडे वळतो. पवनीच्या खांबासमोर थोडा वेळ थांबल्यास त्याला कदाचित् आपला प्रश्न नव्यानें मांडावासा वाटेल.

पवनीच्या पुराणवस्तूंकडे विद्वानांचें लक्ष उत्खननाच्या आधींच वेधलें होतें. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी (१८९३–१९८५) यांनीं येथील शिलालेखांचा अभ्यास केला होता. त्यांतील एक लेख भार राजा भगदत्त याचा असून त्यानें पादुकापट्ट स्थापन केल्याचें त्यांत नमूद आहे. दुसरा लेख महाक्षत्रप कुमार रुपियम्म याच्या स्मारकस्तंभावरील असून त्या स्तंभाला लेखांत छायास्तंभ असें म्हटलें आहे. एका शिळेवर पावलें, दुसरीवर छाया! पवनीच्या भूमीला, प्रत्यक्ष शरीराऐवजीं त्याची खूण मांडण्याची संवय फार जुनी होती, असें या दोन लेखांवरून मनांत येतें.

पुढें १९६९-७० च्या हंगामांत नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनीं मिळून येथें उत्खनन केलें. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पति जोशी यांनीं लिहिलेला त्याचा वृत्तांत १९७२ मध्यें प्रसिद्ध झाला. जगन्नाथ टेकडीच्या पोटांत विटांचा एक विस्तीर्ण स्तूप निघाला. मौर्य काळापासून सातवाहन काळापर्यंत त्याची वेळोवेळीं वाढ झाली होती. त्याच्याभोंवतीं दगडी वेदिका उभारलेली होती. म्हणजे उभे स्तंभ आणि त्यांना जोडणारे आडवे दगड यांचें कुंपण होतें. या दगडांवर ब्राह्मी लिपींत दात्यांचीं नांवें कोरलेलीं आढळलीं. राजाच्या एका आज्ञेनें उभी राहिलेली ही वास्तु नव्हे. कोणीं एक स्तंभ दिला, कोणीं एक आडवा दगड दिला, आणि अशा लहान लहान दानांतून हें कुंपण पुरें झालें. विसमिता नांवाच्या एका उपासिकेनें आपलें दान सर्व प्राणिमात्रांच्या सुखासाठीं असो, अशी इच्छा दगडावर कोरून ठेवली आहे. तिच्याविषयीं याहून अधिक कांहीं कळावयास मार्ग नाहीं. परंतु एवढेंही पुष्कळ आहे.

याच वेदिकेच्या एका स्तंभावर तो नाग आहे. त्याचें नांव अक्षरांत कोरलेलें असल्यामुळें तो कोण याविषयीं संशय उरत नाहीं. तो नागराज मुचलिंद. पालि विनयपिटकाच्या महावग्गांत त्याची कथा येते. बोधि प्राप्त झाल्यानंतरच्या आठवड्यांत भगवान् बुद्ध एका वृक्षातळीं सात दिवस एकाच आसनावर बसले होते. त्या वेळीं अकालीं मेघ उठला. सात दिवस पाऊस, थंडी आणि वारा यांनीं थैमान घातलें. तेव्हां मुचलिंद आपल्या बिळांतून बाहेर आला. त्यानें बुद्धांच्या शरीराभोंवतीं सात वेढे घातले आणि मस्तकावर आपला विशाल फणा धरला. आकाश निवळल्यावर त्यानें वेढे सोडले, तरुणाचें रूप घेतलें आणि हात जोडून तो पुढें उभा राहिला.  पाऊस चालू असतां बुद्धांनीं कांहीं केल्याचें कथेंत सांगितलेलें नाहीं. ते केवळ बसून होते. पवनीच्या कारागिरानें नाग कोरला, आसन कोरलें, आणि जो बसून होता त्याला कोरलें नाहीं. हा स्तंभ आतां दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे.

कारागिराला मनुष्याकृति साधत नव्हती म्हणून त्यानें ती टाळली, असें म्हणण्यास जागा नाहीं. त्याच सुमाराच्या भारहूत येथील वेदिकेवर राजे आहेत, व्यापारी आहेत, यक्ष आणि यक्षी आहेत, हत्ती आणि वानर आहेत. जातककथांतून बोधिसत्त्वाचे पूर्वजन्मही आहेत. नाहीं ती केवळ बुद्धाची आकृति. भारहूतचे हे अवशेष १८७३ मध्यें अलेक्झांडर कनिंगहॅम यांना सांपडले, आणि आज त्यांचा मोठा भाग कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्यें आहे. तेथें एका शिल्पांत नागराज एरापत हा वृक्ष आणि आसन यांच्यापुढें नम्र झालेला दिसतो. आसन रिकामें आहे. परंतु शेजारच्या लेखांत एरापत नागराज भगवंताला वंदन करीत असल्याचें स्पष्ट म्हटलें आहे. दुसऱ्या एका शिल्पांत राजा अजातशत्रु असाच पादचिन्हांपुढें वांकलेला आहे, आणि तेथेंही लेखाचा आशय तोच आहे. डोळ्यांना आसन दिसतें. अक्षरें भगवंत म्हणतात. ज्यानें हीं अक्षरें लिहिलीं त्याच्या लेखीं तें आसन रिकामें नव्हतें.

तरीही विद्वानांचें एकमत झालें नाहीं. फ्रेंच पंडित आल्फ्रेड फूशे यांनीं असें सुचविलें कीं, बुद्धांच्या आयुष्यांतील चार प्रमुख स्थानांची यात्रा करणारे लोक स्मृतिचिन्हें म्हणून वृक्ष, चक्र, स्तूप अशा खुणा घरीं नेत असत; त्या खुणांची संवय शिल्पकारांच्या हातांत बसली आणि पुढें तीच रूढि झाली. बुद्धमूर्तीचा उगम ते गांधारांतील ग्रीक परंपरेंत शोधीत. आनंद कुमारस्वामी यांनीं १९२७ मध्यें त्याला उत्तर दिलें. मूर्ति याच देशांत, मथुरेच्या यक्षप्रतिमांच्या परंपरेंतून निर्माण झाली, असें त्यांचें प्रतिपादन होतें. मूर्तीपूर्वींच्या काळांत खुणांनीं बुद्धांचा निर्देश केला जाई, हें मात्र दोघांनाही मान्य होतें. पुढें १९९० मध्यें अमेरिकेंतील सुसान हंटिंग्टन यांनीं या समजुतीलाच आक्षेप घेतला. यांपैकीं पुष्कळ शिल्पांत बुद्धांच्या चरित्रांतील प्रसंग नसून, त्यांच्या पश्चात् त्या त्या तीर्थस्थानीं होणारी पूजा दाखविलेली आहे. म्हणून आसन रिकामें आहे, कारण तें खरोखरच रिकामें होतें, असें त्यांचें म्हणणें. दुसऱ्याच वर्षीं विद्या दहेजिया यांनीं उलट बाजू मांडली. एकाच वृक्षाचा अर्थ कोठें बुद्ध, कोठें तीर्थस्थान, तर कोठें धर्माचें तत्त्व असा होऊं शकतो, आणि पाहणाऱ्याला हे सर्व अर्थ एकाच वेळीं जाणवत असतील, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता.

या वादांत पवनीच्या स्तंभाची साक्ष महत्त्वाची आहे. येथें नागाचें नांव कोरलेलें आहे, म्हणजे प्रसंग ठरलेला आहे. मुचलिंदानें आसनाला आसरा दिला नव्हता. त्यावर बसलेल्याला दिला होता. एखादा काटेकोर विद्वान् अजूनही म्हणूं शकेल कीं, हें मुचलिंदाच्या तीर्थाचेंच चित्र कशावरून नव्हे? हा संशय पूर्णपणें फेडतां येणार नाहीं. परंतु चित्र तीर्थाचें असो वा प्रसंगाचें असो, एक गोष्ट दोन्ही पक्षीं सारखीच राहते. या रचनेंत सर्वांत महत्त्वाची जागा ती आहे, जेथें छिन्नी लागलेली नाहीं. ती जागा वगळली तर नागाच्या फण्यांना कांहींच अर्थ राहत नाहीं.

महाराष्ट्रांतील कुटुंबांना हें समजण्यास कोणत्याही परदेशी ग्रंथाची आवश्यकता पडूं नये. रामायणांतील भरतानें नंदिग्रामीं रामाच्या पादुका स्थापिल्या आणि चौदा वर्षें त्यांच्या नांवानें राज्य चालविलें; तें सिंहासन रिकामें होतें असें कोणी म्हणत नाहीं. आषाढींत आळंदीहून निघणाऱ्या पालखींत ज्ञानेश्वरांची मूर्ति नसते; पादुका असतात, आणि लक्षावधि वारकरी ज्ञानोबा चालत आहेत अशा भावनेनें चालतात. नरसोबाच्या वाडीस आणि गाणगापुरास दत्तात्रेयाच्या पादुकाच पूजिल्या जातात. पाऊल ही मोठी विलक्षण खूण आहे. जेथें पाऊल उमटलें तेथें कोणी तरी उभा होता, आणि आतां तो तेथें नाहीं, या दोन्ही गोष्टी ती एकदमच सांगते. पवनीच्या भगदत्तानें पादुकापट्ट स्थापिला तेव्हां त्यालाही हेंच सांगावयाचें असेल.

येथवर रिकाम्या जागेचा विचार भक्तीच्या अंगानें झाला. बौद्ध परंपरेंत तिचें दुसरेंही एक अंग आहे, आणि तें ध्यानाचें आहे. पालि भाषेंत ज्याला ‘सति’ म्हणतात तो शब्द संस्कृत ‘स्मृति’ या शब्दापासून आलेला असला, तरी त्याचा अर्थ गतगोष्टी आठवणें एवढाच नाहीं. समोर जें घडत आहे त्याचें भान न सुटूं देणें, श्वास आंत येतो तेव्हां येतो हें जाणणें आणि बाहेर जातो तेव्हां जातो हें जाणणें, ही सति. टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनीं १८८१ मध्यें इंग्रजी भाषांतरांत तिच्यासाठीं ‘माइंडफुलनेस’ हा शब्द वापरला, आणि आज जगभर हा शब्द औषधाच्या पुडीसारखा हातोहात फिरत आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून हजारों माणसें मौन धरून हाच अभ्यास करीत आलीं आहेत. परंतु सतीचा रिकाम्या जागेशीं काय संबंध, हें जाणण्यासाठीं मूळ ग्रंथांकडेच वळावें लागतें.

मज्झिमनिकायांत चूळसुञ्ञत नांवाचें एक लहान सुत्त आहे. श्रावस्तीच्या पूर्वारामांत, मिगारमातेच्या प्रासादांत, बुद्ध आनंदाला शून्यतेविषयीं सांगत आहेत. त्यांचें उदाहरण अगदीं साधें आहे. या प्रासादांत हत्ती नाहींत, गाई-घोडे नाहींत, सोनें-रुपें नाहीं, स्त्रीपुरुषांची गर्दी नाहीं. या सर्वांच्या दृष्टीनें तो रिकामा आहे. परंतु येथें भिक्षुसंघ आहे, आणि त्याच्या दृष्टीनें तो रिकामा नाहीं. जें नाहीं तें नाहीं म्हणून जाणावें. जें उरलें आहे तें आहे म्हणून जाणावें. पुढें साधक गांवाची जाणीव सोडून अरण्याची धरतो, अरण्याची सोडून पृथ्वीची धरतो. पृथ्वी कशी पाहावी? तिचे चढउतार, नद्या, खुंट, कांटे, डोंगर यांकडे लक्ष न देतां, शंभर खुंट्यांनीं ताणून सुरकुती घालविलेल्या बैलाच्या कातड्यासारखी ती पाहावी. त्यानंतर अनंत आकाश. आजचा चित्रकार चौकटीवर ताणलेल्या कापडासमोर उभा राहतो, तेव्हां त्याच्यापुढें जवळजवळ हेंच दृश्य असतें.

पांचव्या शतकांत बुद्धघोषानें सिंहलद्वीपांत लिहिलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथांत तर रिकाम्या जागेकडे पाहण्याची रीतसर कृति दिलेली आहे. भिंतींतील भोंक, कुलुपाचें छिद्र किंवा खिडकी यांकडे साधकानें टक लावून पाहावें. तशी सोय नसल्यास कातड्याला किंवा चटईला एक वीत चार अंगुळें रुंदीचें भोंक पाडावें, आणि त्यांतून दिसणाऱ्या आकाशावर चित्त एकाग्र करावें. याला आकाश-कसिण म्हणतात. यांतील एक बारकावा ध्यानांत घेण्यासारखा आहे. भोंक पाहण्यासाठीं भिंत लागते. कडा असल्याशिवाय पोकळी दिसत नाहीं. म्हणून साधक आरंभीं पोकळीबरोबर तिची कडाही पाहतो. आणि अभ्यास वाढत गेला म्हणजे कडेचा आधार सुटतो. चित्रांतील रेषा आणि तिच्याभोंवतीं सोडलेली जागा यांचें नातें याहून नेमक्या शब्दांत क्वचितच कोणी सांगितलें असेल. विसुद्धिमग्गाची नागरी लिपींतील आवृत्ति १९४० मध्यें मुंबईस निघाली ती गोव्याच्या धर्मानंद कोसंबी यांनीं सिद्ध केलेली. पालि विद्येसाठीं घरदार सोडून नेपाळ, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश हिंडलेल्या या पंडितानें १९४७ मध्यें वर्ध्याजवळ सेवाग्राम येथें देह ठेवला.

‘ध्यान’ या शब्दाचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे. संस्कृत ध्यान पालींत झान झालें, चीनमध्यें चान झालें आणि जपानांत झेन झालें. शब्दाबरोबर साधनाही गेली, आणि तेथील शाईच्या चित्रांत तिनें आपलें घर केलें. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हासेगावा तोहाकु यानें पडद्यांच्या जोडीवर पाइन वृक्ष रंगविले. धुक्यांतून कोठें एक बुंधा दिसतो, कोठें दोन फांद्या. उरलेला बहुतेक सर्व कागद मोकळा आहे. परंतु तो कागद कोणालाही कागद वाटत नाहीं. तें धुकेंच आहे. भारहूतच्या शिल्पांत रिकाम्या जागेचा अर्थ कळावा म्हणून लेख लागला होता. तोहाकुला लेखाची आवश्यकता भासली नाहीं.

हा प्रवास फिरून विदर्भाच्या एका सुपुत्रापर्यंत येऊन पोंचतो. वासुदेव संतु गायतोंडे यांचा जन्म १९२४ मध्यें नागपूर येथें झाला. घराणें मूळचें गोव्याचें. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंतून त्यांनीं १९४८ मध्यें पदविका घेतली. आरंभीं भारतीय लघुचित्रांच्या रंगांचा आणि पाउल क्ले याच्या रेषेचा त्यांच्यावर प्रभाव होता. पुढें हळूहळू आकृति गळून पडली आणि चित्राचा पृष्ठभाग हाच चित्राचा विषय झाला. १९५७ मध्यें टोकियो येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनांत त्यांना पारितोषिक मिळालें. त्यानंतरच्या कांहीं वर्षांत झेन पंथाच्या वाचनाकडे त्यांचें मन ओढलें गेलें. त्या वाचनांत ऑयगेन हेरिगेल या जर्मन तत्त्वज्ञाचें, धनुर्विद्येच्या शिक्षणावरील लहानसें पुस्तक होतें. योगायोग असा कीं, हेरिगेल जपानांत अध्यापनासाठीं गेला तें १९२४ हेंच वर्ष होतें. बाण सोडावयाचा नसतो, तो सुटावा लागतो, हा त्या पुस्तकाचा गाभा. रमण महर्षि, कृष्णमूर्ति आणि मुंबईचे निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांकडेही गायतोंडे यांचा ओढा होता.

त्यांची कामाची रीति या वृत्तीला साजेशीच होती. वर्षाकाठीं पांच-सहा चित्रें त्यांच्या हातून पुरीं होत. रुळानें रंग पसरावयाचा, सुरीनें खरवडावयाचा, पुन्हा थर द्यावयाचा. आणि मधले दिवस निव्वळ बसून राहावयाचें. आपल्या कामाला अमूर्त म्हणण्यापेक्षां वस्तुनिरपेक्ष म्हणणें त्यांना अधिक पसंत होतें. चित्रांना ते नांव देत नसत. १९८४ मध्यें अपघात होऊन मोठ्या कापडावर काम करणें त्यांना दुर्घट झालें. तेव्हां ते कागद आणि शाईकडे वळले. त्या रेखाटनांत कांहीं थोड्या काळ्या खुणा आहेत. त्या अक्षरांसारख्या दिसतात. परंतु कोणत्याही भाषेंत त्या वाचतां येत नाहींत. उरलेला कागद मोकळा आहे. मोठ्या चित्रांतील रंगांचे थर येथें नाहींत, चमक नाहीं, मागें लपावयास जागा नाहीं. हात एकदां फिरला कीं फिरला. शाई पुसतां येत नाहीं. अशा वेळीं रेषा कोठें काढावी याहून ती कोठें काढूं नये हा निर्णय अवघड असतो, आणि त्या निर्णयाला जें अवधान लागतें त्याचेंच नांव सति. २००१ मध्यें गायतोंडे निवर्तले. २०१४ मध्यें न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयांत त्यांच्या जीवनकार्याचें मोठें प्रदर्शन भरलें, आणि जिवंतपणीं ज्यांना मोजके लोक ओळखत, त्यांचें नांव जगभर झालें.

येथें इतिहासकारानें सावध राहिलें पाहिजे. नागपुरांत जन्मलेला चित्रकार आणि तेथून ८० किलोमीटरांवरील पवनीचा कारागीर यांच्यामध्यें सरळ दोरी ताणण्याचा मोह होतो. परंतु ती दोरी टिकणार नाहीं. पवनीचा स्तूप उकरला गेला तेव्हां गायतोंडे पंचेचाळिशीत होते, आणि त्यांची वाट तोंवर ठरून गेली होती. शून्याची जाणीव त्यांच्याकडे आली ती वैनगंगेच्या कांठावरून नव्हे. ती या देशांतून निघालेल्या एका विचाराच्या फार लांबच्या फेऱ्यानें, चीन, जपान, जर्मनी आणि इंग्रजी ग्रंथ यांच्या मार्गानें आली. दोघांच्या रिकामेपणांतही फरक आहे, आणि तो लहान नाहीं. पवनीच्या कारागिराची मोकळी जागा कोणाची, हें त्याच्या काळच्या प्रत्येक उपासकाला ठाऊक होतें. त्यानें नागाचें नांव लिहिलें, कारण बुद्धाचें लिहिण्याची गरजच नव्हती. गायतोंडे यांची मोकळी जागा कोणाचीही नाहीं. तेथें कोणी येऊन गेल्याचें सांगितलेलें नाहीं, आणि कोणी येणार असल्याचेंही वचन नाहीं. एकीकडे श्रद्धेनें भरलेलें आसन आहे. दुसरीकडे श्रद्धा बाजूला ठेवूनही केवळ पाहत राहण्याचें धैर्य आहे. दोन्ही ठिकाणीं समान आहे ती एकच गोष्ट. दोन्ही चित्रें पाहणाऱ्याकडे काम सोपवितात. तो लक्ष देईल तर जागा बोलेल. नाहीं तर दगड तो दगड आणि कागद तो कागद.

भंडारा जिल्ह्याच्या अर्वाचीन इतिहासामुळें या गोष्टीला आणखी एक अर्थ प्राप्त होतो. १९५४ मध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं भंडारा मतदारसंघांतून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली; तींत त्यांना यश आलें नाहीं. दोन वर्षांनीं, १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, त्यांनीं नागपुरांत लक्षावधि अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्या वेळीं कित्येकांना असें वाटलें कीं, विदर्भांत एक परका धर्म नव्यानें येत आहे. पुढें तेरा वर्षांनीं पवनीची टेकडी उघडली आणि मातीखालून विसमितेचें दान बाहेर आलें. ज्या गांवांतून लोक दीक्षेसाठीं नागपुरास गेले, त्याच गांवांच्या पंचक्रोशींत सुमारें बावीसशें वर्षांपूर्वीं उपासक-उपासिका आपल्या ऐपतीप्रमाणें स्तूपाला दगड देत होत्या. धर्म परका नव्हता. त्याची आठवण तेवढी पुसली गेली होती.

आज विदर्भांतील गांवोगांवच्या विहारांत बुद्धांची मूर्ति आहे. शांत मुद्रा, अर्धवट मिटलेले डोळे, मांडीवर ठेवलेले हात. ही मूर्ति प्रिय होणें स्वाभाविक आहे; ज्यांना शतकानुशतकें देवळाच्या बाहेर उभें राहावें लागलें, त्यांना समोरासमोर पाहतां येईल असा चेहरा हवा होता. त्या चेहऱ्याचें मोल रिकाम्या आसनाच्या कौतुकानें कमी होत नाहीं. परंतु एवढें स्मरणांत असावें कीं, मूर्ति घडूं लागण्यापूर्वींचीं कांहीं शतकें याच भूमींतील लोक मूर्तीवांचूनही बुद्धांपुढें बसत होते. त्यांच्यासमोर एक नाग, एक आसन आणि मधली मोकळी जागा असे. उरलेलें काम त्यांना स्वतःलाच करावें लागे.

जगन्नाथ टेकडीवर आतां वारा आणि गवत आहे. स्तंभ दिल्लीस गेला. त्याच्या जागीं त्याची आठवण राहिली आहे. आकाश निवळल्यावर मुचलिंदानें आपले वेढे सोडले होते. पवनीच्या दगडांतला नाग मात्र अजून फणा उभारून आहे, कारण त्याच्या चित्रांत पाऊस थांबलेला नाहीं. आणि ज्याच्यासाठीं तो उभा आहे, तो आसनावरून उठलेला नाहीं.